न फुटलेल्या बाटल्या

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळायचं, पण बाटली घरून आणावी लागायची. हे सांगितलं की आता नातवंडं हसतात. सकाळी आमच्या ओट्यावर बाटल्यांचीच रांग असे, माणसं झाडाखाली बसलेली. रॉकेलची बाटली, अत्तराची कुपी, मोहाच्या दारूची चपटी बाटली. एकाने तर वाळवलेला दुधी भोपळा आणला, त्याला मक्याच्या दाणे काढलेल्या बुरकुंड्याचं बूच. मी म्हणालो, भोपळ्यात औषध देत नाही. तो म्हणाला, "पानी ऱ्हास ना यामा? मंग दवा नही ऱ्हाई का?" भोपळ्यात दिलं.

बाटली भरली की तिला बाहेरून कागदाची उभी पट्टी खळ लावून चिकटवायची आणि पट्टीला कात्रीने दाते पाडायचे. एक दाता म्हणजे एक वेळचं औषध. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ही रीत. एक म्हातारा चौथ्या दिवशी परत आला, बाटली भरलेली जशीच्या तशी आणि पट्टी गायब. विचारलं तर म्हणाला, तू सांगितलं तसं सकाळ-संध्याकाळ एक दाता तोडून पाण्याबरोबर गिळला. खोकला खरंच कमी होता. बाटलीतलं का नाही घेतलं, तर त्याला घाण वास येत होता आणि ते शेळीसाठी ठेवलं होतं.

मी रनाळ्याचा. शाळा चौथीपर्यंत, तीही दोनदा सोडून दोनदा धरलेली. कागदावर मी ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. पण दवाखाना सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याहून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. तिथे शिकलेला कंपाउंडर टिकत नसे. एक आला, पावसाळा बघून गेला. मग डॉक्टरांनी लेखी हुकूम काढून औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली, आणि पुढची चौदा वर्षं ती माझ्या करगोट्याला होती. गावाचं नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत, आणि त्यांना माझ्याइतकंच सगळं आठवतं.

औषधं कशी येत तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं सरकार म्हणजे विहीर, पोहरा टाकला की भरून येतो. वर्षातून एकदा यादी करायची. सोडा इतका, जुलाबाचं मीठ इतकं, टिंक्चर इतकं, सल्फाच्या गोळ्या इतक्या. यादी धुळ्याला जायची, कारण तेव्हा जिल्हा धुळ्यालाच होता. तिथला साहेब लाल पेन्सिल घेऊन बसायचा आणि निम्म्यावर रेघ मारायचा. मग उरलेलं खोक्यांत भरून यायचं, कधी आषाढात, कधी भाद्रपदात. फाल्गुन आला की कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे. मग लाल मिक्श्चरमध्ये पाणी किती घालायचं ते माझ्या हातात. मी कधी औषध विकलं नाही, पण पाणी घातलेलं आहे. ते कबूल.

आणि रंग घातलेला आहे. तापीकाठचे एक गुजर शेतकरी होते, केळीचे मोठे मळे, पाटीलबाबा म्हणत त्यांना. त्यांचं पोट बिघडलं की गाडी जुंपून यायचे. एकदा ओट्यावर उभे राहून म्हणाले, "रामदास, त्या भिलाले दिलं तेच पानी मलेबी?" मी आत गेलो, तेच मिक्श्चर घेतलं, रंगाचे चार थेंब जास्त टाकले आणि बाहेर येऊन म्हणालो, "पाटीलबाबा, हे जरा कडक आहे. जपून घ्या." दोन दिवसांनी त्यांनी केळीचा घड पाठवला. तो मी त्या भिलालाच निम्मा दिला.

हे सगळं स्वस्तातलं काम होतं. मीठ, सोडा, रंग, पाणी. मग पेनिसिलीन आलं आणि सगळा हिशेब फिरला.

बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची बाटली, आत पांढरी भुकटी, वर रबराचं बूच, त्यावर पत्र्याची टोपी. उकळून गार केलेलं पाणी सुईने आत सोडायचं, हलवायचं, दुधासारखं झालं की ओढून घ्यायचं. ज्या न्यूमोनियात आम्ही छातीला जवसाचं पोटीस बांधून नुसते बघत बसायचो, त्यातली माणसं तिसऱ्या दिवशी भाकर मागायला लागली. डॉक्टरसाहेब तरुण होते, कोकणातले. ते म्हणाले, "रामदास, या एका खोक्याच्या किमतीत आपलं सबंध कपाट भरतं. जपून." तेव्हा आणे जाऊन नवे पैसे नुकतेच आले होते आणि बाजारात लोक दोन्हींत भांडत होते. नंदुरबारच्या दुकानात पेनिसिलीन विकत मिळे, पण एका बाटलीला जंगलकामाच्या मजुराची कितीतरी दिवसांची मजुरी जायची. म्हणून आमच्या कपाटात त्याला वेगळा कप्पा, वेगळं कुलूप, वेगळं रजिस्टर.

आता यातली अडचण ऐका. पेनिसिलीन पाच दिवस द्यावं लागे. डोंगरातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की तो उठून चालू लागे. त्याचं काम पडलेलं असे, आणि ताप नसताना सुई टोचून घेण्याइतका तो मूर्ख नव्हता. आठ दिवसांनी परत ताप घेऊन यायचा. म्हणजे आधीच्या दोन महाग बाटल्या पाण्यात, आणि पुन्हा पहिल्यापासून पाच.

यावर तोड मी काढली, डॉक्टरांनी नाही. डोंगरातल्या लोकांना ती रिकामी बाटली फार आवडे. घट्ट बूच असल्यामुळे तंबाखूचा चुना तिच्यात वाळत नसे. बायका तेल ठेवत, काजळ ठेवत. कमरेला दोऱ्याने बांधून फिरत. तर मी नियम केला. पाच दिवस सुई घेतली की पाचव्या दिवशी पाचही बाटल्या तुझ्या. मध्ये पळालास तर एकही नाही. बाटल्या खिडकीत ओळीने मांडून ठेवायचो, रोज एक वाढायची, आजाऱ्याला झोपल्या जागेवरून दिसायची. माणसं पाच दिवस राहायला लागली. सरकारचं किती औषध त्या रिकाम्या बाटल्यांनी वाचवलं ते कोणी मोजलं नाही. मोजायला पाहिजे होतं.

मग धुळ्याहून परिपत्रक आलं. काही ठिकाणी पेनिसिलीन दवाखान्यातून निघून खाजगी डॉक्टरांकडे जात होतं, असं कानावर होतं. म्हणून हुकूम असा की प्रत्येक रिकामी बाटली जपून ठेवायची, मोजून परत करायची. जितक्या रिकाम्या, तितक्याच नव्या. डॉक्टरसाहेबांनी मला ते दोनदा वाचून दाखवलं. मी म्हणालो, "रिकाम्या बाटलीचं सरकार काय करणार? चुना ठेवणार का?" ते हसले, आणि दुसऱ्या कामाला लागले. मी माझी रीत चालू ठेवली. चूक माझी. त्यांची नाही.

होळीच्या आठ दिवस आधी तपासणीस साहेब जीप घेऊन आले. बारीक माणूस, डोक्याला रुमाल, बोलणं हळू. वाईट नव्हता. रजिस्टर उघडलं, पेनिसिलीनचं पान काढलं, म्हणाले, "रिकाम्या आणा."

माझ्याकडे खिडकीत होत्या तेवढ्या आणल्या. एकाहत्तर कमी भरल्या.

"कुठे आहेत?"

"डोंगरात."

"डोंगरात कोणाकडे?"

"लोकांकडे, साहेब. चुना ठेवायला दिल्या."

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी खाली बघितलं. मग साहेब समजावून सांगू लागले, चुलत्याने पुतण्याला सांगावं तसं. "हे बघा, चुना वगैरे मी लिहू शकत नाही. वरचे हसतील, आणि हसून झालं की चौकशी लावतील. तुम्ही एक कागद लिहा. हाताळताना बाटल्या फुटल्या. निष्काळजीपणा झाला. किंमत पगारातून दोन-तीन महिन्यांत कापली जाईल. विषय संपला."

"फुटल्या नाहीत, साहेब."

"मला कळतं ते."

"माझ्या हातून आजवर औषध मोजायचा औंसाचा ग्लासही फुटलेला नाही. विचारा डॉक्टरांना."

"अहो, पण लिहायला काय जातं?"

काय जातं ते त्यांना कळलं नसतं. मी चौथी शिकलेला, मला किल्ली मिळाली ती माझे हात चांगले म्हणून. गुण तेवढाच एक. त्याच हातांनी लिहून द्यायचं की हात धड नाहीत? मी म्हणालो, "होळीपर्यंत एकाहत्तरच्या एकाहत्तर आणून मोजून देतो. सही करणार नाही."

साहेब उठले. कुलूप उघडायला लावून उरलेलं पेनिसिलीनचं खोकं त्यांनी सीलबंद केलं आणि पावती देऊन जीपमध्ये ठेवलं. "हिशेब लागेपर्यंत हे माझ्याकडे. मी तळोद्याच्या डाकबंगल्यात आहे, होळीपर्यंत." जीप गेली. डॉक्टरसाहेब एवढंच म्हणाले, "रामदास, तुझ्या अब्रूपायी दवाखाना रिकामा झाला."

मला तेव्हा तो माणूस फार लागट बोलतो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दित्या पावरा बायकोला झोळीत घालून घेऊन आला. भुरी तिचं नाव. बाळंत होऊन सहा दिवस झालेले, पोटात दुखतं, थंडी वाजून ताप. मूल आजीकडे होतं. डॉक्टरांनी तपासलं, बाहेर आले, हात धुताना म्हणाले, "बाळंतज्वर आहे. पेनिसिलीन पाहिजे."

"सल्फा देऊ?"

"देतोच आहोत. पण पेनिसिलीन पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "जा तळोद्याला. सही कर आणि खोकं घेऊन ये."

मी म्हणालो, "दोन दिवस द्या. बाटल्या घेऊन येतो. मग मान वर करून खोकं आणतो."

हे मी बोललो. आज लिहिताना हात थांबतो, पण बोललो. सल्फाने उतार पडेल असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते वाटून घेणं मला सोयीचं होतं.

मी डोंगरात चढलो. पाड्यापाड्याने फिरलो. माणसं ओळखीची, प्रत्येकाला मी कधी ना कधी टोचलेलं. "दागतर आला" म्हणून खाट टाकायची, पाणी द्यायची. बाटली मागितली की तोंडं बघायची. एका म्हातारीने कमरेची बाटली काढली, त्यातला चुना पानावर काढून ठेवला, बाटली पदराने पुसून मला दिली आणि विचारलं, "सरकारला चुना लागतो का?" मी म्हणालो, नाही, बाटली लागते. ती म्हणाली, "मग सरकार फार गरीब झालं." दोन दिवसांत बारा बाटल्या जमल्या. बाकीच्या कुठे, तर सगळे एकच नाव सांगायचे. रुमाल्याने नेल्या. चुन्याची नवी डबी द्यायचा आणि बाटली घेऊन जायचा.

रुमाल्याला मी चांगला ओळखत होतो. आदल्या पावसाळ्यात त्याची मुलगी न्यूमोनियाने निळी पडलेली आणली होती. पाच दिवस तो खिडकीतल्या बाटल्या बघत भिंतीला टेकून बसला होता. मुलगी वाचली. तेव्हा त्याने होळीला नवस बोलला होता, की मुलगी जगली तर साज चढवून नाचेन.

तो मला एका पाड्याच्या पलीकडे, ढोलवाल्यांबरोबर भेटला. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप. नवसाचे लोक कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं बांधतात, चालले की खडखड वाजतात. रुमाल्याच्या कमरेला भोपळे नव्हते. माझ्या बाटल्या होत्या. दोऱ्यात ओवलेल्या, तीन पदरी, प्रत्येकीत दोन-दोन खडे, बूच घट्ट. तो वळला की पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा आवाज.

मी म्हणालो, "रुमाल्या, काढ हे. माझी नोकरी जाते."

तो पावरीत, म्हणजे त्यांच्या डोंगरी बोलीत बोलला, मी मराठीत लिहितो. म्हणाला, "काढता येत नाही. होळी पेटून पाच दिवस झाले की नदीवर काढायचं. तोवर अंघोळ नाही, खाट नाही, बाईच्या हातचं जेवण नाही. आता काढलं तर नवस मोडला. मुलगी परत आजारी पडेल."

"नाही पडत."

"तू सांगतोस. तुझ्यात पाच दिवस सुई नाही घेतली तर ताप परत येतो म्हणतोस. माझ्यातही तसंच आहे."

मीच त्याला पाच दिवस बसवून शिकवलेलं. मी ओरडलो, हात जोडले, मग परत ओरडलो. शेवटी तो म्हणाला, "साहेबाला मोजायच्याच आहेत ना? कमरेवर मोजू दे. भोंगऱ्याला तुझ्या गावात येतोच आहे." भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा मोठा बाजार, सगळा डोंगर खाली उतरतो. मी त्याला म्हणालो, साहेब काय नाचणाऱ्या माणसाच्या कमरेवर सरकारी माल मोजणार आहे? आणि तणतणत उतरलो.

दवाखान्यात आलो तेव्हा दुपार होती. भुरी जमिनीवर चटईवर, डोळे अर्धे उघडे, ओठ फुटलेले. ताप हटला नव्हता. डॉक्टरसाहेब माझ्याशी बोलले नाहीत. दित्या तिच्या उशाशी बसून तिच्या गळ्यातली हासली काढत होता. हासली म्हणजे चांदीचं जाड कडं. ते सहज निघत नाही, दोन टोकं ओढून फाकवावी लागतात. तो ती फाकवत होता आणि तिच्या मानेला लागू नये म्हणून मध्ये आपलं बोट घालत होता.

मला बघून त्याने ती पुढे केली. बाजारातली अहिराणी त्याला थोडी येत होती. "ही ले. नंदुरबारनी दुकानमा दवाई मिळस ना? ली ये."

"दित्या, ठेव ते."

"तुन्हा कपाटमा शे का दवाई?"

"नही."

"मंग ही ले."

त्याने मला दोष दिला नाही. खोकं कोणी नेलं, का नेलं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कपाट रिकामं असतं, सरकारी दवाखाना असाच असतो, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. पण मला माहीत होतं. जे औषध सरकारने तिच्यासाठी पैसे मोजून आणलं होतं, ते तळोद्याला टेबलाखाली पडलं होतं, आणि इथे तिच्या गळ्यातली चांदी निघत होती. मध्ये आडवा मी होतो. परिपत्रक नव्हे, साहेब नव्हे. मी.

हासली मी त्याच्या हातात परत दाबली, डॉक्टरांची सायकल घेतली आणि निघालो. विचारलंही नाही.

डाकबंगल्यावर साहेब चहा घेत होते. मी म्हणालो, "कागद द्या."

"बाटल्या मिळाल्या?"

"बारा मिळाल्या. बाकीच्या फुटल्या."

त्यांनी कागद काढला, मजकूर सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'सदर बाटल्या माझे निष्काळजीपणामुळे फुटल्या.' निष्काळजीपणा हा शब्द मला लिहिता येईना, तो त्यांनी दुसऱ्या कागदावर काढून दाखवला. सही केली. मला वाटलं होतं आतून काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही. फक्त घाई वाटली. मी म्हणालो, "खोकं."

"तुमच्या ताब्यात असं देता येत नाही. मला स्वतः येऊन रजिस्टरला चढवावं लागेल. उद्या येतो."

"उद्या नाही, साहेब. एक बाई आहे." आणि मी त्यांना भुरीचं सांगितलं, सहा ओळींत.

त्यांनी चहा तसाच ठेवला. हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. सायकल जीपच्या मागे बांधली आणि आम्ही निघालो. वाटेत एकदाच बोलले. "हे तुम्ही त्याच दिवशी केलं असतं तर?"

गावात भोंगऱ्याचा बाजार भरला होता आणि जीप वेशीवरच अडकली. ढोल, पावरी फुंकणारे, गूळ-दाळ्यांची दुकानं, रंगीत लुगड्यांच्या बायकांच्या ओळी. मी खोकं काखेत मारलं आणि गर्दीतून पळत सुटलो. मागून साहेब ओरडत होते, सील, सील. सील डॉक्टरांनी तोडलं. सुया उकळून तयार होत्या. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पाणी काढ." मी बाटलीत पाणी सोडलं, हलवलं, दिली. हात थरथरत नव्हता. एवढं मात्र खरं.

साहेब धापा टाकत आले, सुई टोचलेली बघितली, बाहेर ओट्यावर टेकले. तेवढ्यात पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा आवाज आला. रुमाल्या ढोलवाल्यांसकट दवाखान्यापुढे उभा होता. म्हणाला, "कुठाय तुझा साहेब? मोज म्हणावं."

साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हणालो, "फुटलेल्या बाटल्या, साहेब."

त्यांनी चष्मा पुसला. उठून रुमाल्याजवळ गेले आणि बोट लावून मोजायला लागले. पण ढोल चालू असताना नवसाच्या माणसाला नुसतं उभं राहता येत नाही, पाय हलवावा लागतो. तो वळायचा, साहेबही त्याच्याबरोबर वळायचे. चाळीसपर्यंत गेले की चुकायचे. सगळा बाजार गोळा झाला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमीबी टोप घाला, बरं दिसाल." शेवटी मी ढोलवाल्याला हात जोडले, ढोल थांबला, आणि साहेबांनी मोजलं. सहासष्ट.

माझ्याकडच्या बारा धरून अठ्ठ्याहत्तर. एकाहत्तर पाहिजे होत्या. सात जास्त.

साहेब खाली बसले. "या सात कुठल्या?"

रुमाल्याला विचारलं. त्याच्या सासरवाडीचा माणूस नवापूरकडे मिशनच्या दवाखान्यात बरा झाला होता, त्याच्या होत्या. तीन पदरी माळेत तेवढ्या कमी पडत होत्या म्हणून मागून आणल्या.

"म्हणजे आता रजिस्टरपेक्षा माल जास्त," साहेब म्हणाले. "कमी भरला तर एक चौकशी. जास्त भरला तर दोन."

मी म्हणालो, "साहेब, मग माझा कागद फाडा. एकही फुटलेली नाही, तुमच्या बोटाने मोजल्यात."

त्यांनी खिशातला कागद काढला, वाचला, घडी घालून परत खिशात ठेवला. "कंपाउंडर, फाडला तर मला लिहावं लागेल की बाटल्या एका नाचणाऱ्या माणसाच्या कमरेला सापडल्या, सरकारी नाहीत त्याही त्यात आहेत, आणि आधी फुटल्या असं मीच लिहून घेतलं होतं. तुमचीही नोकरी जाईल, माझीही. फुटल्या त्या फुटल्या."

दोन दिवस आधी मी त्यांचं डोकं फोडलं असतं. त्या दिवशी मी म्हणालो, "बरं." आणि आत गेलो, कारण भुरीच्या दुसऱ्या सुईचं पाणी उकळायला ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला घाम फुटला, चटई ओली झाली. दुपारी तिने दित्याला काहीतरी विचारलं. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "पोऱ्या कठे शे, विचारी ऱ्हायनी." मूल कुठे आहे, विचारते. डॉक्टरसाहेब टेबलाशी बसले होते. त्यांनी चेहऱ्यावर हात फिरवला आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच कामाखेरीज माझ्याशी बोलले. म्हणाले, "रामदास, चहा सांग. दोन." मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो. तिथूनच हाक मारून दोन चहा सांगितले.

एकोणसाठ बाटल्यांची किंमत तीन महिने पगारातून कापली गेली. बायको म्हणाली, "फुटेल नहीत तरी पैसा भरनात. असा मानूस देखा नही." पण भुरी भेटायला आली होती आणि तिचं मूल मांडीवर घेऊन बायको ते म्हणत होती, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही.

माझी रीत मात्र मी सोडली नाही. परिपत्रकात 'रिकामी बाटली' असं लिहिलं होतं, बुचाबद्दल एक अक्षर नव्हतं. मग मी पाचव्या दिवशी रबराची पाच बुचं द्यायला लागलो. बाटलीइतका भाव त्यांना नव्हता, पण पोरांच्या खेळातल्या गाड्यांना चाकं म्हणून चालत. माणसं बसून राहायची. पुढे पेनिसिलीन आपल्याच देशात भरपूर बनायला लागलं, दर वर्षी स्वस्त होत गेलं, खोकी ढिगाने यायला लागली, आणि एके दिवशी रिकाम्या बाटल्या मोजायचा हुकूम कोणाला न सांगता बंद झाला. मग त्या उकिरड्यावर पडायला लागल्या. स्वस्त झालं ते चांगलंच झालं. फक्त पाच दिवस बसून राहणारी माणसं परत दुसऱ्या दिवशी उठून जायला लागली, आणि त्याला काय करायचं हे कोणत्याही परिपत्रकात आलं नाही.

माझ्या नोकरीच्या पुस्तकात तो शेरा शेवटपर्यंत राहिला, की याच्या हातून बाटल्या फुटल्या. निवृत्तीच्या वेळी कारकुनाने तो वाचून दाखवला आणि विचारलं, काही म्हणायचं आहे का. मी म्हणालो, नाही. आता म्हणतो. एकही फुटली नव्हती. माझ्या हातून काच कधी फुटली नाही.

पण हे मी आज छाती काढून लिहितो आहे, कारण भुरी जगली. तीन दिवस ती त्या चटईवर तापाने जळत होती आणि मी डोंगरात माझी अब्रू गोळा करत फिरत होतो. ती नसती जगली, तर बाटल्या फुटल्या नव्हत्या हे मी कोणत्या तोंडाने सांगितलं असतं?